कुंकू लावलेला रिमोट

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा. सकाळी ११

पूजा आटोपली. पान्हे, ग्राइंडर, बाइक, आणि यंदा पहिल्यांदाच टीव्हीला नेट जोडणाऱ्या नव्या स्टिकचा रिमोट. एकतीस वर्षं देवरीच्या राइस मिलमध्ये फिटर आहे. मशीनला मान दिला की मशीन धोका देत नाही, हे मला शिकवायला नको. बायको फुलवंताने अक्षतांसाठी साबूत तांदूळ काढून ठेवले होते, पण मी मिलमधून आणलेली कनकीच वापरली. अख्खा काय नि तुटका काय, तांदूळच तो. कुंकू घट्ट कालवलं, रिमोटवर ठसठशीत टिळा लावला, वर कनकी अंगठ्याने दाबून बसवली.

रविवारी चार वाजता परभणीहून चंचलची कबड्डीची फायनल लाइव्ह आहे. पोरगी सात वर्षं खेळते. मी एकही मॅच पाहिलेली नाही, कारण दर वेळी मिलमध्ये काहीतरी बिघडतं. यंदा ती म्हणाली, बाबा, या ना. मी म्हटलं, मैदानावर कोपऱ्यातून काय दिसते बेटा, टीव्हीवर पूर्ण दिसते. शब्द दिला. स्टिक त्यासाठीच आणली. तीन दिवस झाले, झकास चालते. गल्लीतल्या वीसेक जणांना आवतणही दिलं.

सायंकाळी ६

रिमोट चालत नाही. नेटवर्क असणार. सणासुदीला सगळे शुभेच्छा पाठवत बसतात.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

नेटवर्क नाही, सेल. काढून तळहातावर घासले, दाताने हलकेच चावले, दोन तास गच्चीवर उन्हात ठेवले. काही नाही. नवे आणले. तरी काही नाही. म्हणजे नवे डुप्लिकेट.

फुलवंता म्हणते, पयले ते कुंकू पुसा जी. मी सांगितलं, पूजेचं कुंकू पाच दिवस पुसायचं नसतं, आपल्या घरची रीत आहे. ती म्हणाली, तीस वर्षं झाले या घरात, मले कशी नाही मालूम? काही गोष्टी बायकांना कळत नाहीत.

शेजारचा नंदलाल, रिटायर पोस्टमन, विचारून गेला, रविवारचं पक्कं ना? मी म्हटलं, फिटरच्या घरी मशीन बंद राहते काय? तो हसला. नजर त्याचीच लागली असावी.

संकल्प: उद्या दहाच्या आत काम फत्ते.

शनिवार, ४ ऑक्टोबर. दुपारी १

कस्टमर केअरला फोन. बाई हिंदीत म्हणाली, होम बटण दहा सेकंद दाबून धरा. मी पूर्ण एक मिनिट धरलं. अर्धवट काम आपल्याला जमत नाही. म्हणाली, स्टिकचा प्लग काढून लावा. चारदा काढला, चारदा लावला. मग विचारलं, रिमोट साफ तो है ना? मी म्हटलं, मॅडम, परसों पूजा किया है. तिने लगेच फोन होल्डवर टाकला. प्रभावित झाली असावी.

दुपारी ४

नंदलालचा सल्ला: मोबाईलमध्ये ॲप टाका, मोबाईलच रिमोट होते. आधी नाही म्हटलं, माणसाला स्वाभिमान असतो. मग दार लावून गुपचूप ॲप टाकलं. ॲप म्हणतं, टीव्हीवर परवानगी द्या. परवानगी रिमोटने द्यायची.

सायंकाळी ७

चंचलचा फोन. बाबा, टीव्ही लावला ना? म्हटलं, कवाचाच. तांत्रिकदृष्ट्या टीव्ही लागलेलाच आहे. पुढे काही दिसत नाही एवढंच.

रविवार, ५ ऑक्टोबर. दुपारी २

अजून दोन तास आहेत. दोन तासांत मी मिलचं भात सोलायचं अख्खं शेलर खोलून जोडलं आहे. रिमोट म्हणजे काय चीज!

२.४०

याला स्क्रूच नाही. बिनस्क्रूची वस्तू बनवणाऱ्याची नियत साफ नसते.

३.३०

लोक आले. खुर्च्या भरल्या. फुलवंताने पोहे दिले. मी सांगितलं, सर्व्हर गरम होतोय. तिने परत टिळ्याकडे बोट दाखवलं. सगळ्यांसमोर! आता तर पुसणं शक्यच नाही.

४.०५

मॅच सुरू झाली असेल. गुडघ्यावर बसून रिमोट टीव्हीला टेकवून दाबतोय. चाल ना बाबा. एकदा चाल. मग जन्मभर बंद राह्य.

४.१५

लोक उठून नंदलालच्या अंगणात गेले. त्याने मोबाईल लोट्याला टेकवून उभा केला म्हणे. फुलवंताही गेली. जाताना म्हणाली, चला ना जी, पोरगी खेळून राहिली तिकडे. मला जायला हरकत नव्हती, पण इथे पाचच मिनिटांचं काम उरलं होतं.

४.५०

भिंतीपलीकडून आरडाओरडा. कोणासाठी, कळत नाही. डोळ्यांत पाणी आलं. सारखं एकटक बघितल्यावर येतंच.

५.१०

आपण जिंकलो म्हणतात. फुलवंता आली ती तोंड पाडून. रिमोटचाच राग असणार. मी काही विचारलं नाही.

सायंकाळी ७

चंचलचा फोन. पाहिलं का बाबा? म्हटलं, एक नंबर खेळली बेटा! शेवटची रेड तर कमाल.

ती हळूच म्हणाली, मी तर खेळलीच नाही बाबा, सकाळी घोटा मुरगळला. आणि फोन ठेवला.

फुलवंता दारात उभी होती. तिला सगळं माहीत होतं.

सोमवार, ६ ऑक्टोबर. सकाळी ८

फुलवंताने मला न विचारता ओल्या फडक्याने रिमोट पुसला. होम बटणाच्या फटीत सुई घातली. कनकीचा एक दाणा निघाला, कुंकवात वाळून घट्ट झालेला. चार दिवस बटण दबलेलंच होतं. दाणा माझ्या हातावर ठेवून ती स्वयंपाकघरात गेली.

रिमोट चालू झाला.

सकाळी ९.३०

मिलमध्ये गेलो नाही. रेकॉर्डिंग लावलं. पूर्ण मॅच पाहिली. चंचल बेंचवर, पायाला पट्टी. शेवटी कॅमेरा तिच्यावर आला. तिने सरळ माझ्याकडे बघून हात हलवला. मी बघतोय, असं तिला वाटत होतं.

मीही हात वर केला.

फुलवंता मागून म्हणाली, रेकॉर्डिंग आहे जी ते.