सरपंच माहेरी जाऊन आल्या

चारकोप, कांदिवली
३ फेब्रुवारी २०२५

ती. जानकीआत्यास,
श्रुतिकाचा शि. सा. न.

मराठी सुधारायचं तर मेसेज बंद आणि पत्र सुरू, हा तुझा हुकूम परीक्षा संपली तरी पाळतेय. लिपिकाच्या परीक्षेची पहिली उत्तरतालिका आली आणि माझी वाट लागली. मराठीतला एक प्रश्न असा होता: ‘सरपंच माहेरी जाऊन कालच परत ____.’ आदरार्थी क्रियापद निवडायचं. मी ‘आल्या’ लिहिलं. तालिकेत ‘आले’ बरोबर दिलंय. आता माहेरी जाऊन येणारे सरपंच पुरुष कसे असतील, तूच सांग.

हरकत घ्यायला दहा तारखेपर्यंत मुदत आहे. पण हात उचलवत नाही, कारण निशा. अभ्यासिकेत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसते ती. तिची आई चारकोपच्या बाजारात मासे विकते. निशाने ‘आले’ लिहिलंय. आम्ही दोघींनी गुण जुळवून पाहिले, ती माझ्यापेक्षा एका गुणाने पुढे आहे. माझी हरकत मान्य झाली तर तिचा गुण जाणार आणि मला मिळणार. तिच्या ताटातला घास ओढल्यासारखं वाटतं गं. बाबा म्हणतात, गो, खरा आसा ता बोलूक घाबरतंस कित्याक? त्यांना सोपं आहे बोलायला.

तुझा गुडघा कसा आहे? काकांना नमस्कार. तू रागावलीस तरी चालेल, उत्तर मात्र लवकर पाठव.

तुझी,
श्रुतिका

मुलुंड
५ फेब्रुवारी २०२५

चि. श्रुतिका हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून दोनदा हसले आणि मग व्याकरणाची पुस्तकं काढली. तुझंच बरोबर आहे. सरपंच, डॉक्टर, वकील हे शब्द स्त्रीलाही लागतात आणि पुरुषालाही. अशा वेळी क्रियापदाने शब्दाकडे नाही, माणसाकडे पाहायचं. इथे माणूस कोण ते ‘माहेरी’ या एका शब्दाने सांगून टाकलंय. प्रश्न काढणाऱ्याने वाक्य वाचलं, अर्थ वाचला नाही. आपल्या गावच्या सरपंच सुलक्षणावहिनींना कुणी ‘आले’ म्हणून बघावं, पंचायतीच्या पायऱ्या उतरताना त्याचा कान धरतील. नियमाच्या पानांची झेरॉक्स सोबत आहे. पुराव्याला जोड.

निशाचं म्हणशील, तर तिला आधी सांग. बरोबर असलेली गोष्टही पाठीमागून केली की चोरीसारखी दिसते. ती रागावली तर रागावू दे, तेवढा तिचा हक्क आहे. पण तुला खात्री असताना केवळ मैत्रीपायी गप्प बसलीस, तर पुढे कधीतरी त्याचा राग तू तिच्यावरच काढशील.

गुडघा कुरकुरतो, मीही कुरकुरते. तुझ्या बाबाला, श्यामकांतला सांग, मालवणीत का होईना, शहाण्यासारखं बोलला.

जीव लावत जा, पत्रं लिहीत जा.
तुझी आत्या

चारकोप
२० एप्रिल २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण निकालाआधी तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं. आज सगळं सांगते.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी निशाला अभ्यासिकेच्या गच्चीवर नेलं आणि सांगितलं. ती झेरॉक्स घेऊन वाचत बसली. मग म्हणाली, घाईत ‘माहेरी’ तिने वाचलंच नव्हतं. मला वाटलं, आता रडेल. तर तिने विचारलं, “एकटीने घेतलेली हरकत ऐकतील का?” आणि संध्याकाळी स्वतःच्या नावाने वेगळी हरकत टाकली, आत्या. स्वतःच्याच उत्तराविरुद्ध! मी नको नको म्हणत होते. तिने ऐकलं नाही.

अंतिम तालिकेत ‘आल्या’ आलं. काल यादी लागली. माझं नाव निवड यादीत आहे. निशा प्रतीक्षा यादीत आहे, एका गुणाने. बाबांनी आख्ख्या सोसायटीला पेढे वाटले, मी मात्र पहिला पेढा घेऊन तिच्याकडे गेले. तिने खाल्ला, अर्धा मला भरवला. मला रडू आवरेना आणि ती माझी समजूत काढत होती. आनंद एवढा झालाय, पण एकटीने तो उचलवत नाही. तिला तू चार ओळी लिहिशील का? तुझं ती ऐकेल. पत्ता मागे लिहिलाय.

आशीर्वाद दोघींना पुरतील एवढे पाठव.
श्रुतिका

चारकोप
४ मे २०२५

ती. जानकीबाईंना,
निशाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं. आयुष्यात पहिल्यांदा पोस्टमनने माझं नाव पुकारलं. तुम्ही लिहिलंत की शाळेत इतकी वर्षं पेपर तपासले, गुण वाढवून मागायला रांग लागायची, परत करायला कुणी आलं नाही. बाई, मी काही मोठं केलं नाही. खोटं उत्तर माझं म्हणून मिरवायची लाज वाटली, एवढंच.

पहिले दोन दिवस वाईट वाटलं, ते लपवत नाही. आईला सांगायची हिंमत होत नव्हती. तिला वाटेल, पोरीने हातातली नोकरी घालवली. शेवटी बाजारात तिच्या पाटीशेजारी बसून सगळं सांगितलं. तिने कोयती बाजूला ठेवली, हात धुतले आणि गिऱ्हाईक थांबवून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. एकदा तिला, एकदा शेजारच्या शकुमावशीला, एकदा त्या गिऱ्हाइकाला.

पुढच्या परीक्षेचा अभ्यास सुरू केलाय. रविवारी मुलुंडला शिकायला या म्हणालात, श्रुतिकाबरोबर नक्की येते. आईने तुमच्यासाठी सुकट काढून ठेवलीय, खाता ना ते कळवा.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी गिऱ्हाईक हळहळून म्हणालं, अरेरे, पोरगी राहिली. आई पापलेट तोलत होती. मान वर न करता म्हणाली, “राहिली नाय. माजी पोर बरोबर हाय.”

तुमच्या आशीर्वादाची आस धरून,
निशा