ओवाळलेली लेन्स

अमरावती,
कोजागिरीचा दुसरा दिवस

चिरंजीव शेखर यास,

ताईचे पोटभर आशीर्वाद. वर्षालीच्या आणि लेकराच्या डोक्यावरून माझा हात फिरव. इकडे सगळं खुशाल आहे. तुझ्या भाटव्यांचा, म्हणजे आमच्या यांचा, गुडघा खुशाल आहे, माझं बीपी खुशाल आहे, आणि मागच्या अंगणातली संत्री पिवळी पडायला लागल्यामुळे माकडंही खुशाल आहेत. तुझी तब्येत कशी आहे? वर्षालीने पाठवलेल्या फोटोत तू फार वाळलेला दिसतोस. खरंच वाळलास की फोटो उभा ताणला गेला, ते कळव. (फोटोतलं मला कळतं, म्हणून विचारते. मला वाटतं वाळला आहेस.)

फोन असताना हिने पत्र काहून लिहिलं, असं तुझ्या मनात येईलच. तर दसऱ्यापासून मी तुला जे जे लिहिलं त्याच्याखाली दोन निळ्या खुणा उमटल्या आणि मग 'बघतो ताई' आलं. आपल्या घराण्यात 'बघतो' हा शब्द बाबांनी जन्मभर फक्त नाही म्हणायला वापरला, त्यामुळे मला तो चांगला ओळखता येतो. पत्राचं तसं नसतं. ते हातात धरून वाचावं लागतं, वाचून झालं तरी टेबलावर पडून राहतं आणि बायकोला सापडतं. (वर्षाली, तुला सापडलं असेल तर पहिल्यापासून वाच.)

मुद्दा लेन्सचा आहे. तू गेल्या भाऊबीजेला ओवाळणी म्हणून सिंगापूरहून जी लेन्स पाठवलीस, तिचं झूमचं कडं अडकलं आहे. पुढे जात नाही, मागे येत नाही. आणि भाऊबीज झाली की लगेच अकोल्याला हीनाचं लग्न आहे. हीना म्हणजे आपल्या अकीलाची पोरगी. आणि अकीला कोण हे तू विसरला असशील तर मूर्तिजापूरला लहानपणी तू कोणाच्या घरचा शिरखुर्मा खाऊन वाढलास ते आठव. माझं काम वर्षालीला नीट माहीत नाही, म्हणून सांगते. डोहाळजेवण, बारसं, हळद, जिथे बायका मोकळ्या बसतात आणि फोटोवाला बाप्या नको असतो, तिथे मला बोलावतात. अकोल्याच्या मुसलमान घरांमध्ये तर पडद्याच्या आत मीच जाते. हीनाच्या लग्नात आतले सगळे फोटो मी काढणार, ही जबान मी अकीलाला ती पोरगी दहावीत होती तेव्हाच दिली होती. आता नवरात्रात तिच्या मंगनीला मी गेले, पहिले काही फोटो झाले, हीनाच्या हातावरची मेंदी जवळून घ्यावी म्हणून कडं फिरवलं, आणि ते तिथेच बसलं. मी ओढलं, दाबलं, पदराने धरून फिरवलं. अकीलाच्या नणंदेनेही जोर लावून पाहिला (ती पापड लाटणारी बाई आहे, मनगट लोखंडाचं), पण ढिम्म हाललं नाही. वर अकीलाने आलेल्या प्रत्येक बाईला सांगून ठेवलेलं की ही लेन्स आपल्या शेखरने परदेशातून पाठवली. मी जेवायला बसले तेव्हा ती माझ्या ताटात वाढत म्हणाली, "रूपाली, शादी में तेरेच हाथ के फोटो होना. दुसरा कोई अंदर आनेवाला नहीं." त्यामुळे हे लेन्सचं दुखणं राहिलेलं नाही, माझ्या शब्दाचं झालं आहे.

पहिल्यांदा मी राजकमल चौकात उत्तमरावांच्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. जाताना लाज वाटत होती. गेल्या वर्षी अशीच लेन्स मी त्यांच्याकडे महिनाभर हाताळली होती. दर खेपेला त्यांनी काचेच्या कपाटाचं कुलूप काढायचं, चहा मागवायचा, मी लेन्स लावून समोरच्या रसवंतीवाल्याचे फोटो काढायचे आणि 'घरी विचारते' म्हणून उठायचं, असा आमचा नेम झाला होता. (रसवंतीवाला शेवटी शेवटी केस विंचरून उभा राहायचा.) मग तू म्हणालास, ताई तिथे घेऊ नको, इथे स्वस्त आहे आणि वर इंटरनॅशनल वॉरंटी आहे. इंटरनॅशनल म्हटल्यावर मला वाटलं, त्यात अमरावतीही येत असेल. उत्तमरावांनी लेन्स उलटीसुलटी केली, तिच्या पोटावरचा नंबर वाचला, माझ्यासाठी चहाही सांगितला (वऱ्हाडात राग आला म्हणून चहा चुकत नाही) आणि मग म्हणाले, "ताई, लगन तिकडं लावलं अन् भांडन सोडवाले इकडं आले? माह्याकडून घेतली असती त मीच अकोल्याले कंपनीत घेऊन गेलो असतो." पुढे त्यांनी समजावून सांगितलं ते असं की इथे घेतलेल्या लेन्सची जबाबदारी इथली कंपनी घेते, तिकडे घेतलेल्या लेन्सची तिकडची. वस्तूचं माहेर ज्या देशात, तिचं दुखणंखुपणं त्याच देशात. मला राग आला पण बोलता येईना, कारण चहा अर्धा राहिला होता.

मी हार मानणारी नाही. दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याहून गाडीत बसले आणि अकोल्याला कंपनीच्या सेवा केंद्रात जाऊन धडकले. (वाटेत मूर्तिजापूर आलं. फलाटावर उतरून एक समोसा खाल्ला, तुझ्या नावाने आणखी एक खाल्ला.) केंद्र थंडगार आहे, टोकन घेऊन बसावं लागतं. काउंटरवर टाय घातलेला, जीवन नावाचा सज्जन गृहस्थ होता. त्याने नंबर संगणकात घातला आणि संगणकाने तो घेतला नाही. मी म्हटलं, पुन्हा घाल. त्याने पुन्हा घातला. तिसऱ्यांदा मी चष्मा लावून एक एक आकडा वाचून दाखवला, तरी संगणक आपल्या मतावर ठाम. म्हणे ही लेन्स भारतात जन्मलीच नाही. मी म्हटलं, बाबा, मग वॉरंटी राहू दे, पैसे देते, उघडून दे. तर म्हणे पैसे घेऊनही उघडता येत नाही, नंबर सिस्टीममध्ये नाही. मी म्हटलं, मग तू नुसती सुई घालून बघ. तर म्हणे सुई घातली तर वॉरंटी जाईल. जी वॉरंटी इथे नाहीच ती जाईल कशी, हे मी त्याला तीन तऱ्हांनी विचारलं. चौथ्या तऱ्हेला त्याने उठून मला पाणी आणून दिलं, आणि माझं समाधान व्हावं म्हणून टॉर्च लावून कड्याच्या फटीत बघितलं. बघता बघता त्याचा चेहरा बदलला. फटीत तांदळाचा दाणा होता, लाल.

त्याने कागदावर 'फॉरेन पार्टिकल' असं लिहिलं. मी म्हटलं, अरे फॉरेनची तर लेन्स आहे, तांदूळ घरचा आहे, बोर्गावच्या नत्थुजींच्या शेतातला. मग तो तिथे गेला कसा, असं त्याने विचारलं. मी त्याला सांगितलं, आणि आता तुलाही सांगते, कारण तू कधी विचारलं नाहीस.

गेल्या भाऊबीजेला मी पाट मांडला होता. भोवती रांगोळी काढली, तबकात निरांजन, सुपारी, कुंकवात कालवलेल्या अक्षता, सगळं तयार. तू म्हणाला होतास की संध्याकाळी व्हिडिओवर येतो, तू स्क्रीनलाच ओवाळ. तेही मी मान्य केलं होतं. मग तुझा निरोप आला की मीटिंग लांबली. तुझे भाटवे दारातून म्हणाले, "काहून ताटकळून राहिली? चंद्राले ओवाळ अन् जेवाले वाढ." आता चंद्राला कोण ओवाळतं? जिला भाऊ नाही ती. मला भाऊ आहे. तो मीटिंगमध्ये आहे, एवढंच. मी धडधाकट भाऊ असताना चंद्राला ओवाळलं असतं तर आईने वरून माझं तबक खाली पाडलं असतं. मग तुझ्या मित्राच्या आईबरोबर आलेलं खोकं उघडलं, तुझ्या मोज्यात गुंडाळलेली लेन्स काढली (मोजा धुतलेला होता, हे वर्षालीच्या माहितीसाठी), ती पाटावर बसवली आणि तिला ओवाळलं. कुंकू काचेला लावलं नाही, इतकी अडाणी मी नाही, कड्याला लावलं. अक्षता मात्र डोक्यावरच टाकाव्या लागतात, तशा टाकल्या. समोर पेढा ठेवला, तो तुझ्या भाटव्यांनी खाल्ला. त्यातली एक अक्षता वर्षभर त्या फटीत होती, थोडी थोडी कुरकुरत होती, आणि मंगनीच्या दिवशी बसली ती बसलीच.

हे ऐकून जीवनने टाय सैल केला आणि आतल्या साहेबांना फोन लावला. (त्यालाही बहीण आहे, हिंगोलीला. दोन वर्षं गेला नाही. मी त्याला तिथल्या तिथे झापलं.) साहेबांचा निकाल असा की मूळ बिल हवं, वॉरंटीच्या कार्डावर दुकानदाराचा शिक्का हवा, आणि ज्याच्या नावाने खरेदी झाली तो माणूस आपला पासपोर्ट घेऊन काउंटरवर हजर झाला तर विचार करता येईल. आता बिल कुठे आहे? तू फाडलंस. खोक्यावरची किंमत नखाने खरवडलीस, उरलेला चिकटा वर्षालीने खोबरेल लावून काढला, खोक्याला अजून वास येतो. देणाऱ्याने किंमत सांगू नये, हे आईने तुला शिकवलं ते तू बरोबर लक्षात ठेवलंस. आईने बाकी जे शिकवलं त्यातलं काही लक्षात आहे का, ते मी आज विचारत नाही. आई होती तोवर तू दर दिवाळीला यायचास. आई गेल्यावर तुझ्या ओवाळण्या यायला लागल्या, प्रत्येक मागच्यापेक्षा भारी. मला त्या आवडत नाहीत असं नाही. पण एकदा घड्याळ आलं, एकदा मिक्सर आला, मग लेन्स आली, आणि दर वेळी खोकं उघडताना मला रडू आलं. हे कधीतरी स्पष्ट लिहायचं होतं, ते लिहून टाकलं.

तेव्हा आता मी सांगते तसं करायचं. शनिवारी त्या दुकानात जायचं, बिलाची नक्कल घ्यायची, पत्रासोबत पाठवलेल्या कार्डावर शिक्का मारून घ्यायचा. दुकानदार कुरकुरला तर माझा नंबर द्यायचा, त्याच्याशी मी बोलते. भाषेची काळजी तू करू नकोस. तुझे भाटवे म्हणतात की उत्तमरावांकडून चार दिवसांसाठी दुसरी लेन्स आणावी आणि हा तमाशा संपवावा. मी नाही म्हटलं. हीनाचे फोटो शेखरच्याच लेन्सने निघतील, असं मी अकीलाला सांगून बसले आहे, आणि मी सांगितलं म्हणजे सांगितलं.

बाकी ठीक. लोभ आहेच, तो वाढवायचा तर समोर यावं लागतं.

तुझी ताई,
रूपाली

ता. क. बिल पोस्टाने पाठवू नकोस, गहाळ होईल. तूच घेऊन ये, म्हणजे पासपोर्टही आपोआप येईल. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी पोहोचलास तरी चालेल. रजा मिळत नाही असं तुझा साहेब म्हणाला तर त्याचाही नंबर दे.

पुन्हा ता. क. वर्षाली, हे तुझ्यासाठी. हा एकटा निघाला तर येऊ देऊ नकोस, तूही ये. हीनाच्या लग्नात आत मला दिवा धरायला बाईमाणूस हवं आहे. याला तिथे कोणी घेणार नाही. हा बाहेर हीनाच्या अब्बांबरोबर, रहीमभाईंबरोबर, बिर्याणीवर लक्ष ठेवील.

आणखी एक ता. क. खरं सांगायचं तर बिल लागणार नाही. काल मी अकोल्याला जाऊन हीनाला पडद्याच्या आत बसवून त्याच अडकलेल्या लेन्सने फोटो काढून पाहिले. झूम कड्याने होत नसेल तर पायाने होतं, दोन पावलं पुढे, दोन मागे. फोटो छान आले, अकीलाने डोळे पुसले, लग्नाचं काम निभतं. तेव्हा तो दाणा मी काढणार नाही, राहू दे. घरी आल्यावर मी लेन्स जिथे अडकली आहे तिथे तिच्यात किती मावतं तेही बघितलं. जिथे उभी राहून मी ओवाळते तिथून पाटावर मांडी घालून बसलेला एक माणूस डोक्यापासून गुडघ्यापर्यंत बरोबर मावतो. पाट मांडून फोटो काढला, तो सोबत पाठवते आहे. मागे तुझे भाटवे संत्रं सोलताना आले आहेत, तिकडे बघू नकोस. फोटो चांगला आला आहे. पाट रिकामा आहे, एवढंच.