२८१८०९१

३ फेब्रुवारी, सोमवार
अंबिका सहाव्या दिवशीही मशीनवर. मेंदूत रक्तस्राव. परळला, आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. चार वाजता पाच मिनिटं आत सोडलं. हाक मारली. काही नाही.

तिच्या केसपेपरचा नंबर २८१८०९१. नजर तिथंच अडकते. विषम. शेवटी पाच नाही. अंकांची बेरीज २९, म्हणजे ३ ने भाग नाही. ७ ने बाकी ३. ११ ने १. १३ ने ३. मूळ संख्या असेल का? असली तर बायको घरी येईल — हे मी लिहिलं! छत्तीस वर्षं पोरांना गणित शिकवलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

४ फेब्रुवारी
वर्गमूळ १६७८ आणि थोडं. तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागायचं. दोनशे त्रेसष्ट आहेत. मनवा म्हणाली, "बाबा, मोबाईलवर एका सेकंदात कळेल." ओरडलोच तिच्यावर. बाकावरचे सगळे बघायला लागले. पोरीचा काय दोष? आई तिचीही आहे.

शंभरपर्यंतच्या संपवल्या.

६ फेब्रुवारी
डॉक्टरांनी बोलावलं. "सर, आता सुधारणा होणार नाही. घरी न्यायचं असेल तर सही करा. इथे नुसतं मशीन चालेल." घरी म्हणजे डिलाईल रोडला, आमच्या खोलीत, तोंडात गंगाजल घालायला! म्हटलं, भागाकार संपू दे. बघतच राहिले.

७ फेब्रुवारी
लवूचा गावाहून फोन. अंबिकेचा धाकटा भाऊ. देवळात कौल लावला म्हणे — "भावोजी, देवान उजवो दिल्यान!" पाकळी उजवीकडची पडली, म्हणजे होकार. आधी दोनदा डावीकडची पडली होती, तेही सांगून बसला. मग पुन्हा लावला! एरवी वर्षभर टर उडवली असती त्याची. आज म्हटलं, बरं केलंस रे.

५०३ पर्यंत आलो.

८ फेब्रुवारी
तिचे पाय सुजलेत. आज फार भागलं नाही.

९ फेब्रुवारी
मनवा फुटलीच आज. "आईच्या हाताला सुई टोचायला जागा उरली नाही, बाबा. आणि तुम्ही त्या आकड्यांत!" खरं आहे. सगळा हात काळानिळा. माझ्यामुळे. सही केली नाही म्हणून.

९९७ ने बाकी ५६९. मला कुठे आशा आहे? अजून एक दिवस, आणि अजून एक, एवढंच मागतोय. तेही तिच्या जिवावर.

११ फेब्रुवारी
१६६९ ने बाकी ८१९. पुढे भागायला काही उरलं नाही. मनवा शेजारी येऊन बसली. "झालं?" म्हणाली. मान हलवली. "आता?" म्हणाली.

१२ फेब्रुवारी
सही केली. तीन वाजता रुग्णवाहिका येते.

४३ ने भाग जातो. ४३ गुणिले ६५५३७. चार तारखेलाच गेला होता. इथे लिहिलं नाही, पुढे भागत राहिलो.