सिग्मुंदुरचा हात

रेक्याविक, ३ मार्च १९५६

ति. स्टेनुनताईस सा. न. वि. वि.

सोल्वेग आणि बाळ खुशाल. १८ तारखेला चर्चमध्ये बारसं आहे. बाबा दोनदा सोल्वेगच्या स्वप्नात आले, पलंगाच्या कडेला बसून जागा मागत होते म्हणे. गेलेलं माणूस जागा मागतं म्हणजे नाव मागतं, असं तूही म्हणशील. पण बाबांचं ‘सिग्मुंदुर’ मी ठेवणार नाही. झाडात रुतलेली तलवार एका हिसक्यात उपसणाऱ्या वीराचं ते नाव! ‘सिगुर’ म्हणजे विजय, ‘मुंद’ म्हणजे हात. आणि आपले बाबा? दारूपायी हात गमावून जन्मभर जाळी विणत बसले. माझ्या पोराला कोणी हसायला नको. ‘हाराल्डुर’ ठरलंय. रागाव हवं तर, पण माया कमी करू नकोस.

तुझा धाकटा,
आउस्गेर

इसाफ्योर्दुर, ९ मार्च

चि. आउस्गेर यास,

आशीर्वाद द्यायला आज हात उचलत नाही, तरी घे. तुझं पत्र वाचताना चुलीवरचा मासा करपला.

अरे दीडशहाण्या, बाबांनी दारूला कधी तोंड लावलं होतं का? ती थाप त्यांचीच! तू चार वर्षांचा होतास. होडी किनाऱ्यावर ओढताना रहाटाच्या दोरात तुझा पाय अडकला. दोर कापायलाही वेळ नव्हता. बाबांनी सरळ रहाटात हात घातला. तू सुटलास, हात गेला. तुला जन्मभर बोचायला नको म्हणून आम्हाला शपथ घातली आणि गावाची बोलणी स्वतः खाल्ली. आज मी शपथ मोडते आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही. लाज तुला वाटू दे.

आणि अर्थ सांगतोस तो तरी पुरा सांग! आपल्या जुन्या भाषेत ‘मुंद’ म्हणजे हात, आणि ‘मुंद’ म्हणजेच राखण. हे मला बाबांनीच सांगितलं होतं, एका हाताने जाळं विणता विणता.

हाराल्डुर ठेवायचं तर खुशाल ठेव. मग मला पत्र टाकू नकोस. सोल्वेगला मात्र माझा आशीर्वाद सांग.

तुझीच, संतापलेली,
ताई

रेक्याविक, १८ मार्च

ति. ताईस साष्टांग नमस्कार.

सगळ्यांनी मिळून मला इतकी वर्षं फसवलंत, त्याचा राग आहेच. तो भेटीत काढीन.

पाद्रीबुवांनी नाव विचारलं. सोल्वेग माझ्याकडे बघत राहिली. मी सांगितलं: सिग्मुंदुर.

डाव्या घोट्याभोवतीचा तो वण मी आजवर जन्मखूण समजत होतो, ताई.

तुझा,
आउस्गेर