गोलखांब चौकोनी असल्याबाबत

प्रति,
मा. विभागीय क्रीडा अधिकारी,
विभागीय क्रीडा कार्यालय,
दुसरा मजला (जिना मागच्या बाजूने).

अर्जदार : चिटणीस, वसाहत फुटबॉल मंडळ. व्यवसाय – खिडक्यांच्या जाळ्या व लोखंडी फाटके तयार करणे.

विषय : गोलखांब चौकोनी असल्याबाबतचा पत्रव्यवहार संपवणेबाबत व एका ओळीचा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : १) आमचा मूळ अर्ज, दि. ९ जानेवारी.
२) आपल्या तपासनिसांचा अहवाल, दि. ४ फेब्रुवारी.
३) आमचा खुलासा, दि. २७ फेब्रुवारी, व त्यावरील आपले उत्तर.
४) यानंतरचे आमचे चार अर्ज. त्यांना उत्तर नसल्याने संदर्भ क्रमांक देता येत नाही.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळवतो की, या अर्जात मंडळाची मान्यता मागितलेली नाही, मैदान मागितलेले नाही आणि कोणाविरुद्ध कारवाईही मागितलेली नाही. ते सर्व मागून झाले आहे. हा सातवा अर्ज आहे आणि तो फक्त एका मुलीसाठी आहे. तिचे नाव आपल्या कागदांत आहे. वसाहतीत तिला सगळे ‘कुलूप’ म्हणतात, कारण ती गोलात उभी राहिली की आत काही जात नाही. ती इस्त्रीवाल्याची धाकटी मुलगी. तिच्याबाबतीत काय झाले हे कळण्यासाठी आधीची हकिकत सांगणे भाग आहे. ती शक्य तेवढी थोडक्यात सांगतो, तरी लांबलीच तर माफी असावी.

१. आपल्या कार्यालयाने प्रादेशिक फुटबॉल पुनरुज्जीवन व युवा प्रतिभा मार्ग योजना जाहीर केली, तेव्हा आमच्या वसाहतीत एकोणीस मुली रोज दुपारी चारला खेळत होत्या. मैदान आम्हीच साफ केले होते. रेषा मारायला गवंडीकाकांनी चुना दिला. भाजीवाल्या आत्यांनी कांद्याची पोती उसवून त्यांच्या जाळ्या एकमेकींना शिवल्या आणि गोलामागे बांधल्या. बस दुरुस्त करणारे मिस्त्री शिट्टी वाजवायला येत. त्यांना नियम अर्धेच ठाऊक होते, पण शिट्टी ते पूर्ण जोराने वाजवत. खांब मी केले. चोवीस फूट रुंद, आठ फूट उंच, टेप लावून. माझ्याकडे खिडक्यांच्या जाळ्यांसाठी आणलेला चौकोनी पाइप होता, तो मी वापरला. खेळाच्या नियमपुस्तकात खांब चौकोनी, आयताकृती, गोल किंवा लंबगोल यांपैकी कसलाही चालतो, हे मी त्या वेळी वाचले होते आणि आता तर पाठच झाले आहे.

२. मूळ अर्ज मी हाताने लिहिला होता. त्यात ‘मैदानावर चार गोलखांब उभे आहेत’ असे वाक्य होते. आपल्या फाटकाबाहेर टंकलेखन करणाऱ्या बाईंनी तो टंकलिखित करताना ओळ संपली म्हणून ‘गोल’ वरच्या ओळीत आणि ‘खांब’ खालच्या ओळीत टाकले. त्यांचा यात काही दोष नाही, ओळ तिथेच संपत होती. मीही न वाचता सही केली.

३. दि. ४ फेब्रुवारी रोजी आपले तपासनीस मैदानावर आले. त्या वेळी मुली खेळत होत्या. तपासनिसांनी खेळाकडे पाठ करून चारही खांबांवरून हात फिरवला, कोपरे चाचपले आणि अहवालात लिहिले की, ‘अर्जात नमूद केलेले गोल खांब जागेवर आढळून आले नाहीत. त्याऐवजी चौकोनी खांब आढळले. अर्जदाराने कार्यालयाची दिशाभूल केली आहे.’ त्यांच्या पाठीमागे त्याच वेळी कुलूपने दोन चेंडू अडवले. एकदा वळून बघितले असते तर आज हा अर्ज लिहावा लागला नसता, असे मला अजून वाटते.

४. मी खुलासा केला. गोल म्हणजे वाटोळा नव्हे, ज्यात चेंडू मारतात तो गोल, आणि त्याचा खांब तो गोलखांब, असे सविस्तर लिहिले. आकृती काढली. आपले उत्तर आले की, ‘खांब वाटोळे नाहीत, हे अर्जदाराने लेखी कबूल केले आहे. सबब मान्यता देता येत नाही.’ हे उत्तर मी दुकानात तीन वेळा वाचले आणि डोक्याला हात लावून बसलो. माझा कामगार म्हणाला, ‘मामा, त्यांना वाटोळेच हवेत ना? मग करून टाकू. आपल्याला काय, पाइप तो पाइप.’ त्याचे ऐकले ही माझी दुसरी चूक.

४ (अ). मध्यंतरी आपण लोकसहभागाचा पुरावा मागितला होता. आम्ही सामन्याची छायाचित्रे पाठवली. त्यात शे-दीडशे माणसे होती, पण छायाचित्रे त्यांच्या मागून काढलेली होती, कारण ती सामना बघत होती. आपण कळवले की, नुसत्या पाठींवरून नागरिकांची ओळख पटत नाही, चेहरे दिसावेत. पुढच्या सामन्याला मी सगळ्यांना हात जोडून कॅमेऱ्याकडे बघायला लावले. गवंडीकाका तर केस विंचरून आले होते. त्यावर आपला शेरा आला की, उपस्थित लोकांचे खेळाकडे लक्ष नाही, सबब हा लोकसहभाग मानता येत नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. वसाहतीत यावर पुष्कळ हसून झाले आहे. त्यानंतर लोक यायचेच कमी झाले, ही गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही.

५. दि. ६ एप्रिल रोजी मी चारही चौकोनी खांब बुडापासून कापले. नवीन गोल पाइप कापून, जोडून, रंग देऊन वाळायला दुकानासमोर आडवे ठेवले. दि. ८ एप्रिल रोजी, न कळवता, आपली फेरतपासणी झाली. अहवाल असा : ‘मैदानावर कोणत्याही आकाराचे खांब नाहीत. सबब ही जागा मैदान नसून मोकळी जागा आहे.’ मी दुकानातून धावत गेलो. तपासनीस गाडीत बसत होते. मी म्हणालो, ‘साहेब, खांब तिकडे वाळतायत, पाच मिनिटांचा रस्ता आहे, चला दाखवतो.’ ते म्हणाले, ‘मी मैदान तपासायला आलोय, तुमचं दुकान नाही.’ त्यांचे म्हणणे नियमाने बरोबर असेल.

६. दि. १० एप्रिलला नवे, वाटोळे खांब उभे राहिले. पण तोवर नोंद ‘मोकळी जागा’ अशी झाली होती आणि मोकळ्या जागा आपल्या खात्याकडे नसतात. मे महिन्यात ती जागा वाहन विभागाकडे गेली. जप्त केलेल्या रिक्षा, दोन मोडके टेम्पो आणि एक अर्धी जळालेली बस तिथे आणून ठेवली. बसचे तोंड बरोबर गोलात आहे. बसवाले मिस्त्री मला म्हणाले, ‘हिला बाहेर काढायचं तर आधी हिचं इंजिन शोधायला लागेल.’ मुली महिनाभर रिक्षांच्या मधल्या पट्टीत खेळल्या. मग एकीची टाच पत्र्याने कापली आणि आयांनी पाठवणे बंद केले. एकोणिसांच्या चार राहिल्या. आता त्याही येत नाहीत.

७. आता मुद्द्यावर येतो. योजनेनुसार वर्षातून एकदाच, जूनच्या पहिल्या आठवड्यात, निवड चाचणी असते आणि त्या दिवशी खेळाडूला सोळा वर्षे पूर्ण झालेली नसावीत. पुढच्या गटात फक्त आधी निवडलेल्यांनाच जाता येते. म्हणजे मार्गावर चढायची जागा एकच आहे. कुलूपला दि. १९ जुलै रोजी सोळावे पूर्ण झाले. यंदाची चाचणी तिची पहिली आणि शेवटची होती. हे मी जानेवारीच्या अर्जात लिहिले होते, फेब्रुवारीच्या खुलाशात लाल शाईने लिहिले होते आणि एप्रिलमध्ये आपल्या दारात उभे राहून तोंडी सांगितले होते. मान्यताप्राप्त मैदान नाही म्हणून मंडळ मान्य नाही, मंडळ मान्य नाही म्हणून खेळाडूला बोलावणे नाही, असे उत्तर मिळाले. बोलावणे आले नाही. ५ जूनला ती सकाळपासून पिशवी भरून दुकानाच्या पायरीवर बसली होती. आयत्या वेळी निरोप येईल, अशी आशा तिला मीच लावली होती.

८. ती कशी खेळते हे आपल्याला माहीत नाही, म्हणून सांगतो. ती चेंडूकडे बघत नाही. मारणाऱ्याच्या कमरेकडे बघते. कंबर जिकडे वळते तिकडे ती आधीच निघालेली असते. हे तिला कोणी शिकवलेले नाही. मला तर गोलकीपरचे काहीच कळत नाही, मी जाळ्या करणारा माणूस. गिरणीच्या वसाहतीतील मुलांचा संघ आमच्याकडे खेळायला आला होता, तिच्याहून हातभर उंच मुले. त्यांना दोन पेनल्टी मिळाल्या, दोन्ही तिने अडवल्या. त्यांचा कप्तान जाताना तिला म्हणाला, ‘तू कुठल्या संघात आहेस?’ ती म्हणाली, ‘अजून कुठल्याच नाही.’ तो ‘अजून’ हा शब्द तिने इतक्या सहज वापरला होता, की आता आठवला की मला काम सुचत नाही.

९. तिच्या अर्जाच्या नमुन्यात ‘केलेले गोल’ असा रकाना होता. ती गोलकीपर असल्याने मी तिथे शून्य लिहिले आणि बाजूच्या समासात ‘अडवलेले – एकशे बारा’ असे लिहिले, कारण त्यासाठी रकाना नव्हता. समासातील मजकूर खाडाखोड समजून आपल्याकडे तो काट मारून रद्द करण्यात आला. शून्य मात्र तसेच ठेवले गेले.

१०. दि. १ जुलै रोजी आपल्या कार्यालयाने निवड यादी बाजारातील फलकावर लावली. तिच्यात तीन रकाने आहेत : निवडलेले, राखीव आणि नाकारलेले. कुलूपचे नाव तिसऱ्या रकान्यात आहे, नावापुढे गुण शून्य. मी आपल्या लिपिकांना विचारले की, जिची चाचणी घेतलीच नाही तिला नाकारले कसे? ते सज्जन आहेत, त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि म्हणाले, ‘अर्ज आलाय म्हटल्यावर नाव कुठेतरी घालावंच लागतं ना. न बोलावलेल्यांचा रकाना नाहीये.’ त्यांच्यावर रागावून उपयोग नव्हता. मी पाणी पिऊन परत आलो.

११. यादी तिच्या वडिलांनी वाचली. कपडे पोहोचवून परत येताना त्यांनी ती फलकावर पाहिली आणि घरी जाऊन सांगितले. मी त्यांना परोपरीने समजावले की, तिला कोणी पाहिलेच नाही, हा खांबांचा घोळ आहे. ते शांतपणे म्हणाले, ‘तुम्ही चांगले आहात म्हणून तसं म्हणता. एवढे शिकलेले साहेब आहेत, त्यांनी काहीतरी बघितलंच असेल ना. शून्य काय उगाच देतात?’ त्यांचा आपल्या शिक्क्यावर फार विश्वास आहे. माझ्या बोलण्याला शिक्का नाही.

१२. त्यांचे एक वेळ चालले असते. पण ऑगस्टमध्ये उरलेल्या चार मुली तिला बोलवायला गेल्या, तेव्हा ती म्हणाली, ‘मला नाही येत खेळता. ठरलंय ते.’ मग मी स्वतः गेलो. ती एका शर्टाची कॉलर दाबत होती, मान वर केली नाही. म्हणाली, ‘मामा, मला येतं असं तुम्हालाच वाटत होतं. आपल्यात बघायला दुसरं कोण होतं?’ मी तिला एकशे बाराचा आकडा सांगितला. ती म्हणाली, ‘ते आपल्या मैदानावरचे. ते मैदान नव्हतंच म्हणे.’

१३. महोदय, तिचे वय परत येणार नाही, हे मला समजते. मैदान परत मिळणार नाही, हेही समजते. आपले कार्यालय चूक झाली असे लिहून देईल, अशी माझी अपेक्षा नाही. कोणाची चूक असे लिहायचेच असेल तर माझी लिहावी, मी न वाचता सही केली आणि उभे खांब स्वतःच्या हाताने पाडले. मला फक्त एक ओळ हवी आहे, आपल्या सहीची आणि गोल शिक्क्याची : ‘सदर खेळाडूचा खेळ या कार्यालयातील कोणीही पाहिलेला नाही.’ यात कोणावर ठपका येत नाही, कोणतीही तरतूद लागत नाही आणि हे खरे आहे. ती वाईट खेळते असे कोणी ठरवलेले नाही, एवढे तिला कागदावर दिसावे. ती त्यानंतर खेळेल असे मी म्हणत नाही. बहुतेक नाहीच खेळणार.

१४. दाखला मंडळाच्या नावे पाठवू नये, मंडळ आता उरलेले नाही. तो तिच्या नावे, इस्त्रीच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवावा. टपाल कोणत्याही वेळी आले तरी चालेल. चारला ती पूर्वी दुकानात नसायची, आता दिवसभर असते.

आपल्या कार्यालयाचा जिना पाठ झालेला, नम्र अर्जदार,

(सही)
माजी चिटणीस, वसाहत फुटबॉल मंडळ
दि. २६ सप्टेंबर

सोबत :
१) निवड यादीची प्रत. तिसऱ्या रकान्यातील तिच्या नावाखाली पेन्सिलने रेघ मारली आहे, खोडता येईल अशी.
२) तिच्या जन्मदाखल्याची प्रत.
३) पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट. दाखल्याची ओळ टंकलिखित करून आत ठेवली आहे. या वेळी ती मी नीट वाचली आहे. फक्त सही करावयाची आहे.