रंगापुरतं दूध

४ जून, सकाळ
आजपासून घरात सोयाचं दूध. निर्णय माझा. सूनबाई शमिकाला गाईम्हशीचं दूध बाधतं. मुलगा मानस म्हणाला, पॅकेट मागवू. म्हटलं, माळव्यात सोयाबीनचे ढीग पडलेत आणि पॅकेट? माझी बायको शारदा असती तर हेच म्हणाली असती. ती गेल्यावर पोरं अन्नपूर्णा भागातल्या या घरात माझ्याजवळ राहायला आली. तेव्हापासून चहा माझ्याकडे.
सियागंजच्या बाजारातून सोयाबीन आणलं. दुकानदार म्हणे, "अंकलजी, आप भी? आधी कॉलोनी यही दूध पी रही है. भैंसें बेरोजगार हो जाएँगी!"

५ जून
दूध काढलं. चहात फाटलं. मिक्सर जुना आहे.

७ जून
परत फाटलं. शमिका गाळून प्यायली. म्हणाली, "चालतं हो, बाबा." 'चालतं' हा शब्द मला मुळीच आवडत नाही. मानसने उगाच पुण्याच्या ऑफिसचा विषय काढला.

८ जून
तोड सापडली. सोयाच्या दुधात थोडं म्हशीचं. फक्त रंगापुरतं. एवढ्याशाने काय होतंय? औषधातही विष असतंच. चहा कमी फाटला.

१२ जून
निम्मंनिम्मं. अजिबात फाटला नाही! शमिका दोन कप प्यायली. "बाबा, स्टॉल टाका, लाइन लागेल." शेजारच्या चारुलताताईंनी रेसिपी मागितली. म्हटलं, हात लागतो त्याला.

२० जून
शमिकाचं पोट दुखतंय. पोह्यांवर जिरावणाचा तिखट मसाला फार घेते. सांगायला हवं.

२३ जून
म्हशीचं कमी केलं. फाटला. तिचं तोंड उतरलं. परत वाढवलं. तिच्याच आनंदासाठी.

२ जुलै
शमिकाला घेऊन डॉक्टरांकडे. मीही आत गेलो. त्यांनी विचारलं, कशातून दूध पोटात जात नाही ना? मी बोलणारच होतो. शमिका आधीच म्हणाली, "छे हो! आमचे बाबा स्वतः सोयाचं काढतात. पॅकेटवर नसेल एवढा यांच्यावर भरवसा आहे." डॉक्टरांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मीही डोलावली. मग म्हणाले, इथलं पाणी मानवत नसेल.
उद्या चहाच्या वेळी सांगायचं. नक्की.

३ जुलै
चहाच्या वेळी मानसच आधी बोलला. पुण्याला बदली मागितलीय. "टेन्शन मत लो, बाबा. पण पाणीच सूट होत नाही तर काय करणार?"
आता सांगितलं तर वाटेल, अडवण्यासाठी सांगतोय. तसं वाटायला नको.

१८ ऑगस्ट, संध्याकाळ
पुण्याहून फोन. शमिकाचं पोट गेल्या गेल्या बरं झालं. मानस म्हणाला, "बघा, पाणीच होतं." हो म्हटलं. मग ती फोनवर आली. "बाबा, महिनाभर या ना. सोयाबीन आणून ठेवलंय. रोज तुमच्या हातचा चहा आठवतो."
म्हटलं, गुडघे धरलेत गं, प्रवास नाही झेपायचा.
ती म्हणाली, "मग आम्ही तरी कसे येणार? तिथलं पाणी..."
फोन ठेवून मंदिरापर्यंत चालत जाऊन आलो. दोनदा. गुडघे उत्तम आहेत.