गंगूच्या वाट्याचा तांदूळ

मी, गुणाजी बाबली कुबल, वय बहात्तर, धंदा मासेमारी, स्वतःच्या होडीचा तांडेल, राहणार दांडी, मालवण, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही दबावाशिवाय आणि मुलगा दत्ताराम याच्या नाकावर टिच्चून, माझ्या माघारी काय करावे ते लिहून ठेवतो. अक्षर सांभाळून घ्यावे.

१. कौलारू घर व मागचे माड दत्तारामाला. कोंबड्याही त्यालाच. मला त्यांचे तोंड बघायचे नाही.

२. कोंबड्यांवर राग का, ते लिहितो. परवा सकाळी शेजारीण गंगू, नवऱ्यामागे मासे विकून जगणारी, आमच्या घरापुढच्या खळ्यात कोंबड्यांपुढचा तांदूळ वेचून पदरात घेताना दिसली. दत्तारामाला विचारले, तर म्हणतो, "रेशनचो आसा, बाबा. पिवळ्या कार्डाचो. आमका ह्यो जाडो तांदूळ कित्याक व्हयो?" होडी, इंजिन, टीव्ही असलेल्या घरात गरिबातल्या गरिबांचे कार्ड! तेही माझ्या नावावर! अजून विश्वास बसत नाही.

३. झाले असे. रेशनकार्डांच्या पाहणीला सरकारी माणूस येणार म्हणताच गंगूने आमच्या खुर्च्या, पंखा, टीव्ही मागून नेला, माझ्या सुनेचे नवे पातळ नेसली आणि त्याला सुरमई वाढली. दारी आलेल्याला आपली गरिबी दाखवायची आमच्यात रीत नाही. त्यामुळे ती सुखवस्तू ठरली आणि तिचे कार्ड गेले. मग तो आमच्याकडे आला. रिकाम्या घरात मी फाटक्या बनियनवर, चटईवर जाळे विणत बसलो होतो. मला वाटले, काय भला माणूस, किती आपुलकीने विचारपूस करतो; तो मला कंगाल म्हणून लिहून घेत होता.

४. हे कार्ड मृत्युपत्राने गंगूला देता येत नाही, असे वकील सांगतात. होडी तर देता येते! सबब होडी, इंजिन व जाळी गंगूला. तिने ती भाड्याने लावावी व दोन वेळा पोटभर जेवावे. दत्तारामाने मध्ये तोंड घालू नये.

५. वरील मजकूर गंगूला वाचून दाखवला. ती रडली नाही, हसलीही नाही. म्हणाली, "तांडेलानू, तुमी मरतलास तेव्हा होडी गावतली. तवसर मी काय खाव?"

मला लाज वाटली. म्हणून कलम चार आजपासूनच लागू. वकील म्हणतात, मृत्युपत्रात असे बसत नाही. न का बसेना. मी अजून मेलेलो नाही.

सही: गुणाजी बाबली कुबल

साक्षीदार: मंगेश धुरी, सुगंधा मालंडकर

मालवण, ता. ९ नोव्हेंबर २००४